मागचं सस्पेन्शन सुधारून सोलापूर–तुळजापूर–नळदुर्ग फेरी: वळणात गाडी कशी बसली

सोलापुरात गाडी चालवणाऱ्याला मागच्या सस्पेन्शनची खोड लवकर कळत नाही. पुण्याकडे जा, हैदराबादकडे जा, विजापूरकडे जा, रस्ता आपला सरळच. खोड उघडी पडते ती तुळजापूरच्या घाटात. घाट तसा छोटा, पण बालाघाटच्या रांगेवर चढताना वळणं एकामागे एक येतात. डावीकडून उजवीकडे वळताना माझ्या हॅचबॅकचा मागचा भाग अर्ध्या क्षणानं उशिरा यायचा, बाहेर लोळायचा आणि मग सावरायचा. पुढं बसलेल्याला ते थोडंच जाणवायचं. मागं बसलेल्या आईला मात्र प्रत्येक वेळी मळमळायचं. देवीच्या दर्शनाला जायचं म्हणजे लिंबू आणि पिशवी जवळ ठेवूनच.

म्हणून मागची बाजू नीट करायची ठरवलं. डोक्यात होता तो अँटी-रोल बार, म्हणजे दोन्ही चाकांना जोडून वळणात गाडीचं कलणं कमी करणारा पोलादी दांडा. गॅरेजमध्ये मिस्त्री अण्णांनी गाडी रॅम्पवर घेतली, पहारीनं अ‍ॅक्सल हलवून दाखवला आणि म्हणाले, "मालक, आधी बुश बघा. बार कुठं पळून चाललाय?"

त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागं ट्विस्ट बीम असतो: दोन्ही चाकांना जोडणारी एकच पोलादी तुळई, जी वळणात पिळवटते आणि तेवढ्यापुरतं बारचंच काम करते. ही अख्खी तुळई, म्हणजेच मागचा अ‍ॅक्सल, पुढच्या बाजूला फक्त दोन बुशांवर, म्हणजे सांध्यातल्या रबरी नळकांड्यांवर, लटकलेली असते. बुश सैल झाले की वळणात बाजूचा जोर येताच तुळई किंचित तिरकी होते आणि मागची दोन्ही चाकं आपोआप थोडी वळतात. आपण स्टेअरिंग एकदा फिरवलेलं असतं, पण गाडी दोनदा वळल्यासारखी वाटते. त्यावर जाड बार चढवला तर दुखणं जागेवरच राहतं, वर गाडी कडक होते.

बुश स्वस्त, मजुरी जास्त, कारण अ‍ॅक्सल खाली उतरवावा लागतो. तो उतरवताना ब्रेकचे पाइप आणि हँडब्रेकची केबल आधी मोकळी करून घ्यायला सांगा. अ‍ॅक्सलच्या वजनानं ती ताणली गेली तर नवीनच काम निघतं. बुशवर दिशेची खूण असेल तर ती जुळवूनच तो प्रेसनं बसवायचा, हातोड्यानं नाही. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बुशाचा मुख्य बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचा आवळायचा नाही. चाकांवर गाडीचं पूर्ण वजन आल्यावर, टॉर्क रेंचनं (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानं), कंपनीनं दिलेल्या आकड्यापर्यंत आवळायचा. हवेत आवळला तर गाडी खाली येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि बघता बघता फाटतं. तिथं स्वतः उभं राहून पाहा, अगदी चहा घ्यायलासुद्धा जाऊ नका.

शॉकअप दोन्ही बाजूंचे एकदमच बदलायचे. जुने गेलेत की नाही ते ओळखायला दांड्यावर तेलाचा ओलावा पाहा आणि मागच्या टायरवरून तळहात फिरवा. रबर जागोजागी खोल-उंच लागलं तर चाक रस्त्यावर नीट टेकत नाही, उड्या मारतंय. बंपस्टॉप (शॉकअप पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारा ठोकळा) आणि धूळ अडवणारी रबरी पिशवीही नवीन घ्या. आपल्याकडची धूळ दांड्याला चिकटली की सील लवकर जातं.

एवढं करूनच मी एकदा घाट चढून आलो. मागचं डुलणं जवळजवळ गेलं होतं. बाकी राहिली ती दुसरी गोष्ट: वळण जरा घट्ट झालं की गाडीचं नाक बाहेर ओढायचं. इथं बारचं काम सुरू होतं. वळणात वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातं. किती जातं हे वेग, गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधलं अंतर ठरवतं. बार ते कमी करत नाही. बार फक्त त्यातला पुढचा-मागचा वाटा बदलतो. मागचा कडकपणा वाढवला की मागची बाहेरची बाजू जास्त भार उचलते, पुढच्या बाहेरच्या टायरवरचा ताण हलका होतो आणि नाक वळणात टिकतं.

माझ्या मॉडेलच्या जास्त ताकदीच्या आवृत्तीला कंपनीच मागं जाड बार देते, तोच घेतला. बाहेरचा त्याहून जाड मिळतो, पण मोहात पडू नका. बारचा पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो, म्हणजे १८ मिमीऐवजी २० मिमी घेतला की कडकपणा थेट दीडपट. मागचं फारच कडक झालं तर वळणात अचानक अ‍ॅक्सिलरेटर सोडताच शेपूट बाहेर येतं, आणि ओल्या रस्त्यावर ते आवरायला वेळ मिळत नाही. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते स्पष्ट केलं. म्हणून आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांना आधी विचारून घ्या, आणि विम्याचं उत्तर लेखी घ्या.

आता फेरीबद्दल. सोलापूर, तुळजापूर, नळदुर्ग आणि परत, असा हा त्रिकोण सव्वाशे किलोमीटरच्या आसपास भरतो, आणि सस्पेन्शन तपासायला यापेक्षा चांगली वाट जवळपास नाही. उजाडताच निघा. टायर गार असताना जुन्या तुळजापूर नाक्याच्या आधीच हवा भरून घ्या, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढीच. हवेत दोन-तीन पौंडांचा फरक पडला तरी वळणातला अनुभव बदलतो, मग बारचं श्रेय की हवेचं हे कळत नाही. माणसं आणि सामानही दर वेळी तेवढंच ठेवा.

उळे, तामलवाडीचा टोलनाका इथपर्यंत चौपदरी रस्ता. या टप्प्यात लेन बदलून पाहायची. पूर्वी लेन बदलल्यावर मागचा भाग एक झोका जास्तीचा घ्यायचा, आता एका हालचालीत थांबतो. घाटात वेग वाढवून काहीच सिद्ध होत नाही. पन्नासच्या आत, एकसारख्या अ‍ॅक्सिलरेटरवर, आपल्या लेनमध्ये राहून वळणं घेतली तरी स्टेअरिंग सगळं सांगतं. नाक बाहेर जात नाही म्हणून हातांची मधली दुरुस्ती गेली, हा मला सगळ्यांत मोठा फायदा वाटला. वर पोचल्यावर आई आपणहून म्हणाली, "आज पोटात ढवळलं नाही रे." मला त्याहून मोठं प्रमाणपत्र नको होतं.

मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा. नवरात्रात आणि कोजागिरीला तर या रस्त्यावर पायी जाणाऱ्या भाविकांचा महापूर असतो, वाहतूक वळवतात. त्या दिवसांत हा रस्ता त्यांचा. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि रस्त्यावर सांडलेला ऊस वळणातच गाठतो.

तुळजापूर ते नळदुर्ग हा रस्ता बारची दुसरी बाजू दाखवतो. बार दोन्ही चाकं एकमेकांना बांधतो, त्यामुळं एकच चाक खड्ड्यात गेलं तरी धक्का दोन्हीकडं पोचतो आणि डोकं डावी-उजवीकडं हलतं. ज्यांचा रोजचा रस्ता शेतातला, बांधावरचा आहे त्यांनी बार बसवूच नये. बुश आणि शॉकअप पुरे. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरच्या बांधातला पाणीमहाल पाहिल्याशिवाय निघू नका. पावसाळ्यात बांधावरून नर-मादी धबधबे पडत असतील तर तास कसा गेला कळत नाही.

परतीला इटकळ, बोरामणी करत हैदराबाद महामार्ग. ट्रक ओलांडताना वाऱ्याचा झोत बसतो, तेव्हा गाडी आता हलते पण तरंगत नाही.

घरी आल्यावर दोन कामं उरतात. व्हील अलाइनमेंट चारही चाकांचं करून छापील कागद घ्या. ट्विस्ट बीमचं मागचं माप सहसा फिरवता येत नाही, पण दोन्ही बाजूंत मोठा फरक दिसला तर अ‍ॅक्सल वाकलाय किंवा तिरका बसलाय हे त्यातून समजतं. आणि बारच्या ब्रॅकेटचे बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क रेंचनं तपासा. आवळून झाल्यावर बोल्ट आणि ब्रॅकेट दोन्हींवरून पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट सुटतोय.