एकाच संगणकावर जँगोच्या दोन आवृत्त्या

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी मी दोन कामे सांभाळतो. एक कृषी केंद्राच्या उधारीचा हिशेब, जो जँगो ३.२ वर (जँगो म्हणजे पायथन या संगणकभाषेत वेब प्रोग्राम लिहिण्यासाठीचा तयार सांगाडा) लिहिलेला आहे, आणि दुसरे दूध संकलनाची नोंद, जी ५.२ वर नव्याने सुरू केली. मागच्या खरिपात, बियाण्यांच्या गर्दीच्या दिवसांत, मी नवी आवृत्ती थेट संपूर्ण संगणकावर बसवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हिशेबाचा प्रोग्राम उघडेना. जुन्या फाइलीत वेब पत्त्यांसाठी वापरलेले ‘यूआरएल’ हे फंक्शन जँगो ४.० मध्येच काढून टाकले आहे, हे पडद्यावरची शेवटची ओळ वाचल्यावर लक्षात आले.

तेव्हापासून मी प्रत्येक प्रकल्पासाठी पायथनसोबत येणारे ‘व्हेनव्ह’ हे साधन वापरून स्वतंत्र वातावरण तयार करतो, म्हणजे त्या प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच त्याची स्वतःची पॅकेजे (जँगोसारखे बाहेरून बसवलेले तयार कोड) राहतात. जँगो ५.२ ला पायथन ३.१० किंवा त्यापुढची आवृत्ती लागते, तर जँगो ३.२ ही पायथन ३.१० पर्यंतच अधिकृतपणे चालते; त्यामुळे वातावरण कोणत्या पायथनने बनवले, हेही पाहावे लागते. पिप हे पॅकेजे बसवणारे साधन; त्याच्या ‘पिप फ्रीझ’ या आज्ञेने मिळणारी बसवलेल्या पॅकेजांची आणि त्यांच्या आवृत्त्यांची यादी प्रकल्पासोबत जपून ठेवावी, कारण संगणक बदलल्यास तीच कामी येते. पिप उतरवलेली पॅकेजे साठवून ठेवते, त्यामुळे तीच आवृत्ती दुसऱ्या वातावरणात बसवताना सहसा ती पुन्हा उतरवावी लागत नाही. आमच्याकडे पावसात नेट मंदावते, तेव्हा याचे मोल कळते.

मात्र ३.२ चे सुरक्षा अद्ययावतीकरण एप्रिल २०२४ मध्ये थांबले आहे, म्हणून हिशेबाचा प्रोग्राम दिवाळीनंतर, कापसाची वेचणी सुरू असतानाच, मी आधी ४.२ वर नेणार आहे.