पट्टीवरचं नाव नको, पान बघा

अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये आमच्या घरापासून विंडसर गाव जवळ आहे. उन्हाळ्यात त्या बाजूला गेलं की काही शेतांवर पांढरं कापड ताणलेलं दिसतं. खांब, खांबांवर तारा, तारांवर विरळ विणीचं कापड आणि त्याखाली माणसाच्या डोक्यावरून वर गेलेली तंबाखू. बडोद्याच्या माणसाला तंबाखूचं शेत नवं नाही. आणंद, बोरसद, पेटलादकडे एसटीने गेलेल्या प्रत्येकाने ते पाहिलेलं असतं, आणि पेटलाद तर गायकवाडी मुलखातलंच. पण त्या भागातली, म्हणजे चरोतरातली तंबाखू विडीची. ती भर उन्हात वाढते, तोडून शेतातच वाळवतात, मग खळीत, म्हणजे तंबाखूच्या कारखान्यात जाते आणि शेवटी टेंभुर्णीच्या पानात वळली जाते. विंडसरची ही तंबाखू मात्र मुद्दाम सावलीत वाढवतात, कारण तिला एकच काम असतं: सिगारचं सगळ्यात बाहेरचं पान व्हायचं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुमात्राहून येणाऱ्या पातळ, गुळगुळीत पानाने इथल्या शेतकऱ्यांचा बाजार खाल्ला होता. तेव्हा सुमात्राचं ढगाळ, दमट हवामान इथे कापडाखाली तयार करता येईल का, हे पाहायला 1900 साली विंडसरमध्ये पहिला मांडव उभा राहिला. कापडामुळे ऊन गाळून येतं, ओल टिकते, पान पातळ आणि रेशमी होतं. बुंध्याकडून वर असं एकेक पान हाताने खुडतात, दोऱ्यात ओवतात आणि उंच लाकडी कोठारांत टांगून सुकवतात. या मळ्यांवर राबायला जमैका आणि पोर्तो रिकोहून मजूर येत. 1944 च्या उन्हाळ्यात पंधरा वर्षांचे मार्टिन लूथर किंग जवळच्या सिम्सबरीत याच तंबाखूच्या शेतांत काम करत होते. आता अशी शेतं थोडी उरली आहेत. या जातीचं बरंच पान इक्वेडोरमध्ये पिकतं, तिथे आकाशच इतकं ढगाळ असतं की कापड लागत नाही.

हे सगळं इतक्या तपशिलाने सांगतो आहे ते मोठ्या काकांसाठी.

गेल्या डिसेंबरात बडोद्याला काकांचा अमृतमहोत्सव झाला. दांडियाबाजारातलं जुनं घर, सकाळी शांत, दुपारी पुरणपोळीचं जेवण, संध्याकाळी गच्चीवर त्यांचे तालमीतले आणि युनिव्हर्सिटीतले मित्र. गुजरातेत दारूबंदी असल्याने अशा संध्याकाळी प्यायला चहाच. पण काकांनी एक गोष्ट राखून ठेवली होती. बऱ्याच वर्षांपूर्वी कुणीतरी परदेशातून सिगारची एक पेटी त्यांना भेट दिली होती. लाकडी पेटी, वर काचेचं झाकण, आत प्रत्येक सिगारभोवती प्रसिद्ध क्यूबन नावाची सोनेरी पट्टी. काकांनी ती दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात गणपतीशेजारी ठेवली होती, एखाद्या मोठ्या दिवसासाठी. तो दिवस हा.

पहिली सिगार त्यांनी हातात घेतली तेव्हाच बाहेरचं पान तडकलं. पेटवल्यावर एका बाजूने भराभर जळत गेली आणि दुसरी बाजू तशीच राहिली. दोन झुरक्यांत काकांना ठसका लागला. धूर तिखट, गरम, नुसता कडू. एका मित्राच्या सिगारमधून धूरच येईना, इतकी ती गच्च. ती कात्रीने उभी कापून पाहिली तर आत लांब पानं नव्हतीच, तुकडे आणि चुरा होता. काका काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. इतकी वर्षं जपलेल्या वस्तूने ऐन दिवशी दगा दिला याचं मला फार वाईट वाटलं. "अरे, असंच असतं का हे? मग लोक का ओढतात?" असं त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं. त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला हवं, असं मला तेव्हापासून वाटतंय.

तर काका, असं नसतं. त्या पेटीत दोन वेगवेगळे दोष होते.

पहिला म्हणजे ती बहुधा खरी नव्हती. क्यूबन सिगारच्या नकला जगभर विकल्या जातात, पर्यटकांच्या समुद्रकिनाऱ्यांवर तर सर्रास. काचेचं झाकण ही त्यांची जुनी खूण आहे. अस्सल क्यूबन सिगार अशा काचेच्या पेटीत येत नाहीत. खऱ्या पेटीवर क्यूबन सरकारचं हिरवट-पांढरं हमीचं सील असतं, आणि आतल्या सगळ्या सिगार रंगाने जुळवून, पट्ट्या एका रेषेत अशा रचलेल्या असतात. "मग तूच तिकडून क्यूबन आण ना" असं बडोद्यात अनेकांनी मला सांगितलं. अमेरिकेत त्या विकतच नाहीत. फेब्रुवारी 1962 मध्ये अध्यक्ष केनेडींनी क्यूबाशी व्यापार बंद केला, तो निर्बंध आजही आहे. पण त्याआधीच, क्रांतीनंतर, क्यूबातले बरेच तंबाखूवाले देश सोडून निघाले होते. त्यांनी आपलं बियाणं आणि हातातली कला डोमिनिकन रिपब्लिक, होंडुरास, निकाराग्वात नेली. निकाराग्वातलं एस्तेली शहर आज सिगारसाठीच ओळखलं जातं. तेव्हा क्यूबाचं नाव नसलं म्हणून सिगार दुय्यम ठरत नाही, हे मी अगदी खात्रीने सांगतो.

दुसरा दोष हवेचा, आणि माझ्या मते हाच मोठा. ती पेटी अस्सल असती तरी कपाटात मेलीच असती. सिगार ही सुकवलेली वस्तू असली तरी तिच्यात ओल असावी लागते. पासष्ट ते सत्तर टक्के आर्द्रता आणि विशीच्या आसपासचं तापमान तिला मानवतं. बडोद्याच्या मे महिन्यात पान वाळून आक्रसतं, श्रावणात फुगतं, थंडीत पुन्हा कोरडं पडतं. दर वर्षी हे झालं की बाहेरचं पातळ पान तडकतं, आतलं तेल उडून जातं आणि उरतो फक्त कडूपणा. कोरडी सिगार भराभर जळते, म्हणून धूर गरम लागतो. उलट फार ओली असेल तर ओढली जात नाही आणि सारखी विझते. शिवाय उष्णता पंचविशीच्या वर गेली की तंबाखूतल्या किड्याची अंडी उबतात आणि पानाला टाचणीएवढी भोकं पडतात.

परत आल्यावर मी इथल्या एका जुन्या सिगारच्या दुकानात गेलो. दुकानाच्या मागे काचेची एक खोली आहे, आत देवदाराचा वास आणि दमट हवा. मालक वयस्कर, डोमिनिकन रिपब्लिकमधून आलेले. मी गच्चीवरचा प्रकार सांगितला. त्यांनी पट्टीबद्दल किंवा किमतीबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांचे प्रश्न एवढेच: ओढणारा माणूस कोण, त्याला सवय किती, आणि त्याच्यापाशी वेळ किती? मला ते फार पटलं.

सिगारचे तीन भाग असतात. आतला गाभा म्हणजे फिलर, त्याला आवळून धरणारं पान म्हणजे बाइंडर, आणि वरचं देखणं पान म्हणजे रॅपर. चांगल्या हातवळणीच्या सिगारमध्ये गाभ्याची पानं टोकापासून टोकापर्यंत अखंड जातात, म्हणून ती सावकाश आणि सारखी जळते. चुऱ्याची सिगार भडकते. गाभ्यातही झाडाच्या खालचं, मधलं आणि शेंड्याकडचं पान वेगवेगळ्या प्रमाणात घालतात. खालचं नीट जळतं, मधलं सुवास देतं, वरचं जोर देतं. वळणाऱ्याचं सगळं कसब या मेळात आणि पानं दुमडताना धुराला वाट ठेवण्यात. काकांच्या मित्राची सिगार गच्च होती ती वाट राहिली नव्हती म्हणून.

काकांसाठी दुकानाच्या मालकांनी सुचवली ती सौम्य, विंडसरकडच्या सावलीतल्या पानात गुंडाळलेली, आत डोमिनिकन तंबाखू. रंग फिकट बदामी. आकार कोरोना, म्हणजे साधारण साडेपाच इंच लांब आणि बेताची जाड. सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात, कोरोना बेचाळीसच्या आसपास असते. वर्षातून एखादी ओढणाऱ्याने साठ जाडीच्या सोट्याच्या वाटेला जाऊ नये. पाऊण तासात संपणारी सिगार शेवटपर्यंत आनंद देते, दोन तासांची अर्ध्यातच नकोशी होते. किंमत? दहा डॉलरच्या आसपास उत्तम हातवळणीची सिगार मिळते. चाळीस डॉलरची घेतली म्हणून चौपट आनंद मिळत नाही.

हातात घेऊन पाहायचं ते असं. अंगठा आणि बोटाने हलकेच दाबा. ती किंचित दबून परत वर आली पाहिजे. करकर आवाज आला तर कोरडी. कुठे गाठ लागली तर तिथे धूर अडणार, कुठे पोकळ लागली तर तिथे वाकडी जळणार. पानाला तकाकी हवी, शिरा बारीक हव्यात, भोक एकही नको. पेटवायच्या टोकाचा वास घ्या. गवत, कोको, लाकूड, जुनं चामडं असं काही आलं तर ठीक. अमोनियासारखा झोंबणारा वास आला तर तंबाखू पुरती मुरलेली नाही, ती ठेवून द्या.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत, तोंडात खेळवून सोडतात, पण म्हणून ती निरुपद्रवी होत नाही. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका खरा आहे. आपल्याकडे मावा-गुटख्याने काय केलंय ते प्रत्येक गल्लीला माहीत आहे. म्हणूनच मी म्हणतो, क्वचित ओढायची असेल तर ती चांगलीच असावी. लहान मुलांसमोर, बंद खोलीत तर मुळीच नको. ज्याने कधी तंबाखूला हात लावलेला नाही त्याने केवळ समारंभ म्हणून सुरुवात करू नये.

फेब्रुवारीत काका-काकूंच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. तेव्हा येताना काकांसाठी आणि त्यांच्या मित्रांसाठी त्या कोरोना आणतोय. काकांनी परवा फोनवर विचारलं, "काळ्या रंगाची आण ना, ती कडक असते म्हणे." काका, रंगावरून जोर ठरत नाही. काळं पान जास्त दिवस मुरवलेलं असतं, बऱ्याचदा ते चवीला गोडसरच लागतं. जोर येतो गाभ्यातल्या शेंड्याकडच्या पानातून. तुम्हाला फिकटच आवडेल असं मला वाटतं.

मी पोहोचेपर्यंत घट्ट झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा धुऊन, वाळवून, वास जाऊ देऊन ठेवा. मसाल्याचा डबा नको. आर्द्रता राखणारी पाकिटं मिळतात, पासष्ट टक्क्यांची, ती मी आणतोय. एक पाकीट आत टाकायचं आणि डबा घरातल्या सगळ्यात थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायचा. माजघर उत्तम. फ्रिजमध्ये नाही, तिथे सिगार वाळते आणि भाजीचे वास धरते. देवघराजवळही नाही, उदबत्तीचा वास पानात उतरतो. प्रवासानंतर सिगार आठवडाभर तशाच डब्यात पडू द्या, म्हणजे विमानातल्या कोरड्या हवेने गेलेली ओल भरून येईल.

त्या दिवशी टोपीकडचं, म्हणजे तोंडात धरायचं बंद टोक अगदी थोडं कापायचं, टोपी जिथे संपते त्याच्या वरच. पेटवण्याआधी एकदा कोरडाच झुरका घेऊन पाहायचा, हवा सहज आली पाहिजे. लांब काडी किंवा गॅसचा लायटर घ्या, पेट्रोलचा नको, त्याचा वास चवीत येतो. ज्योत टोकाला न टेकवता सिगार फिरवत आधी कडा शेकून घ्या, मग ओढा. मिनिटाला एखादा झुरका पुरे, घाई केली की ती तापते. राख झटकत बसू नका. शेवटच्या तिसऱ्या भागात कडू लागली तर तशीच ठेवून द्या, ती आपोआप विझते. आणि हे सगळं जेवणानंतर, काका. रिकाम्या पोटी ओढली तर सौम्य सिगारनेही गरगरतं.