भुऱ्याला घरीच निरोप दिला, त्याबद्दल

आमचा कुत्रा भुऱ्या गेला, म्हणजे दुखण्यातून सोडवायला डॉक्टरकडून इंजेक्शन देऊन त्याला घरीच शांत केलं, त्याला आता वर्ष होईल. लिहायला तीनदा बसलो आणि तीनदा उठलो. पण मागच्या आठवड्यात बाजूच्या गावातल्या एका पोराचा फोन आला, त्याच्या कुत्रीचं पण तसंच काहीतरी झालंय, तो विचारत होता की दादा तुम्ही नेमकं कसं केलं, घरी कोण येते, काय काय लागते, तिला त्रास होईल का. पाऊण तास बोललो त्याच्याशी, आणि फोन ठेवल्यावर वाटलं की आता लिहूनच काढावं.

आम्ही वर्धा जिल्ह्यातले, आर्वी तालुका. कापूस, तूर, हरभरा आणि विहिरीला पाणी असलं तर उन्हाळी भुईमूग. भुऱ्या म्हणजे गावरानच, पण अंगानं मोठा, ३२ किलोचा. अकरा वर्षं माझ्यासोबत जागलीला आला. ज्यांच्याकडे रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, येतात त्यांना जागल म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही, बाकीच्यांसाठी सांगतो, रात्रभर वावरात बसून पीक राखायचं, तेवढंच. थंडीत माझ्याच घोंगडीत झोपायचा तो.

फेब्रुवारीत, हरभऱ्याची सोंगणी चालू होती तेव्हा, तो समोरचा डावा पाय उचलून धरायला लागला. आधी वाटलं काटा रुतला असेल, मग वाटलं मोच आली. मायनं हळद-चुन्याचा लेप लावला. पंधरा दिवसांत मनगटाच्या जरा वर टणक सूज आली आणि हात लावला की ओरडायचा, जो कुत्रा कधी ओरडला नाही तो. आणि इथं मी एक चूक केली ती सांगतोच, मी घरातली माणसांची अंगदुखीची गोळी त्याला गुळात घालून दिली. दोन दिवस दिली. त्याला काळी संडास झाली. नंतर कळलं की माणसांच्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, किडनी जाऊ शकते. ते डायक्लोफिनॅक तेच, ज्याच्यामुळं गिधाडं संपली आणि २००६ मध्ये जनावरांच्या औषधात त्याच्यावर बंदी आली. मला गिधाडांचं माहीत होतं पण कुत्र्याचं माहीत नव्हतं.

मार्चमध्ये भावाच्या गाडीनं त्याला नागपूरला नेलं, सेमिनरी हिल्सच्या व्हेटरनरी कॉलेजात. शंभरावर किलोमीटर, आणि प्रत्येक गतिरोधकाला तो कण्हत होता. एक्सरे काढला. डॉक्टरांनी उजेडावर धरून दाखवला, एका जागी हाड असं दिसत होतं जसं बोंड फुटून कापूस बाहेर आलाय. हाडाचा कॅन्सर, ऑस्टिओसारकोमा. मोठ्या अंगाच्या कुत्र्यांत जास्त होतो आणि समोरच्या पायात बहुतेक वेळा मनगटाच्या वर नाहीतर खांद्याजवळ होतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. पाय पूर्ण काढायचा आणि मग केमो, हा एक रस्ता होता, पण छातीच्या एक्सरेत फुप्फुसावर आधीच ठिपके होते. मग पाय काढून त्याला काय मिळणार होतं. दुखण्याच्या गोळ्या लिहून दिल्या, मेलॉक्सिकॅम आणि गॅबापेंटिन, आणि परत आलो. येताना मी मागच्या सीटवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो आणि ठरवलं की याला आता परत गाडीत घालायचं नाही.

म्हणून घरी. जे करायचं ते घरी, हे तिथंच पक्कं झालं. पण घरी येऊन कोण करेल हे काही माहीत नव्हतं.

दोन ठिकाणी फोन केला. एका ठिकाणी म्हणाले आम्ही गाई-म्हशीसाठी येतो, कुत्र्याच्या असल्या कामासाठी नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले आणून टाका, बघू. गावात तर सल्ल्याची कमी नव्हती. एकानं खांद्यावर हात ठेवून सांगितलं की काहून एवढं टेन्शन घेतं, औषध घालून दे न भाकरीत. आमच्याकडे फवारणीच्या जहराला पण औषधच म्हणतात. तो काही वाईट माणूस नाही, त्यानं आयुष्यभर तेच पाहिलंय. पण मी जहर खाल्लेलं कुत्रं पाहिलंय, तासभर कसं जातं ते पाहिलंय, मी तिथून उठून गेलो. अजून एकानं घाबरवलं की कुत्रं मारलं तर केस होते. शेवटी दुधाच्या गाडीवाल्याकडून वर्ध्याच्या एका खाजगी डॉक्टर मॅडमचा नंबर मिळाला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, एक्सरेचा फोटो मागवला. केसचं विचारलं तर म्हणाल्या, "१९६० चा जो कायदा आहे तो प्राण्याला क्रूरपणे वागवू नये यासाठी आहे. बरा न होणारा, दुखण्यानं तळमळणारा प्राणी डॉक्टरनं नीट भूल देऊन शांत करणं ही क्रूरता नाही. तुमची लेखी संमती घेईन, त्यात आजार लिहीन, बस."

आणि त्यांनी एक गोष्ट शिकवली ज्याचा मला खूप आधार झाला. अमेरिकेतल्या अ‍ॅलिस व्हिलालोबोस नावाच्या डॉक्टरनं केलेली एक मोजपट्टी आहे. सात गोष्टींना शून्य ते दहा मार्क द्यायचे: दुखणं किती काबूत आहे, भूक, पाणी, अंगाची स्वच्छता, खुशी, चालणं-फिरणं, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. सत्तरपैकी पस्तीसच्या वर असेल तर चालू ठेवता येतं. मी भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज रात्री आकडा लिहायचो. सुरुवातीला ४६, ४४. एप्रिलच्या मध्यात ३८. मग ३३, ३१, एक दिवस ३६, परत ३०.

आकडा खाली गेला तरी मी फोन करत नव्हतो, कारण माय. माय म्हणाली, "आपल्या दारात वाढलेलं जनावर हाय थे. त्याले आपण मारावं का? आपोआप जाईन थो, देव नेईन त्याले." आणि खरं सांगायचं तर मायचं नाव पुढं करत होतो, मलाच ते हवं होतं. रोज सकाळी उठून आधी ओसरीत जायचो आणि मनात असायचं की रात्रीतून झोपेतच गेला असला तर बरं, म्हणजे मला काही ठरवावं लागणार नाही. बायकोनं एकदा तोंडावर म्हटलं, "अहो, त्याच्यासाठी थांबताय का स्वतःसाठी?" मी तिच्यावर चिडलो.

मेच्या पहिल्या आठवड्यात मॅडमला फोन केला, रविवार ठरला. आणि शनिवारी तो उठला, शेपूट हलवली, अर्धी भाकर दुधात खाल्ली, माझ्या मागे विहिरीपर्यंत तीन पायांवर आला. मी लगेच फोन करून रद्द केलं. मॅडम म्हणाल्या ठीक आहे, निर्णय तुमचाच, पण एक सांगते, हे हाड आतून पोखरलंय, कधीही मोडू शकतं. मी हो हो म्हटलं.

पुढच्या शुक्रवारी रात्री, साडेअकरा झाले असतील, वाड्याच्या मागे कशाची तरी चाहूल लागली आणि तो सवयीनं उठला. नुसता उठला, धावला पण नाही. कट्ट असा आवाज आला. त्याच्यानंतरचं ओरडणं मी इथं लिहू शकत नाही. पाय मनगटाच्या वर वाकडा झाला होता. मॅडमनी रात्री बारा वाजता फोन उचलला हे त्यांचे उपकार. म्हणाल्या पाय ओढू नका, आवळून बांधू नका, पोत्यावर आडवा ठेवा, गॅबापेंटिनचा जो डोस राहिलाय तो द्या, माणसांची गोळी बिलकुल नको, मी पहाटे निघते. सात तास. मी, बायको आणि माय, तिघंही ओसरीत बसून होतो. तो हात चाटत होता, थांबत होता, परत ओरडत होता. पहाटे चारला माय स्वतःहून म्हणाली, "बोलावलं न रे त्या डॉक्टरीनले? कवा येते थे?"

ते सात तास माझ्यामुळे. हे मला कोणी म्हटलं नाही, पण मला माहीत आहे. रविवारी, त्या विहिरीपर्यंत आलेल्या शनिवारच्या दुसऱ्या दिवशी तो गेला असता तर दूध-भाकर खाऊन, शेपूट हलवून गेला असता.

मॅडम सातच्या आधी आल्या. ४५ डिग्रीचे दिवस होते, सकाळी जरा बरं होतं. आधी दोन मिनिटं नुसत्या त्याच्याजवळ खाली बसल्या. कागदावर माझी सही घेतली. मग प्रत्येक गोष्ट आधी सांगितली आणि मग केली, ते इथं देतो, कारण त्या पोराला हेच हवं होतं.

पहिलं इंजेक्शन मांडीत, झायलाझीन आणि केटामीन, म्हणजे दुखणं आणि शुद्ध दोन्ही जाते. याच्यानं कधी कधी उलटी होते म्हणून पोटभर खाऊ घालू नका म्हणाल्या, पण थोडंसं चालेल. भावानं वर्ध्याहून गोरसपाक आणून ठेवला होता, भुऱ्याला त्याचा जीव होता, लहानपणापासून. एक छोटा तुकडा मायनं भरवला. त्यानं तोंडात धरला आणि हळूहळू खाल्ला. सुई टोचली तेव्हा जरासा दचकला तेवढंच. सात-आठ मिनिटांत डोकं जड झालं, माझ्या मांडीवर टेकलं, आणि रात्रभरात पहिल्यांदा त्याचा श्वास सरळ झाला. त्याचा तो मोडका पाय मी हातात घेतला तरी त्याला कळलं नाही. मी तेव्हा रडलो, नंतर नाही.

मग चांगल्या पायाचे केस थोडे काढले, शिरेत सुई बसवली, सलाईन सोडून बघितलं की बरोबर बसली का. बाटलीत पिवळसर पावडर असते, थायोपेंटोन, ती पाण्यात विरघळवली. ते भुलीचंच औषध, ऑपरेशनला देतात तेच, फक्त खूप जास्त. आधी भूल खोल होते, मग श्वास थांबतो, मग हृदय. मॅडमनी आधीच सांगितलं होतं की डोळे मिटणार नाहीत, उघडेच राहतील. हृदय थांबल्यावरही एक-दोनदा मोठा श्वास घेतल्यासारखं होऊ शकतं, अंग फडफडेल, लघवी होईल, ते त्याला जाणवत नसतं, तुम्ही घाबरू नका. हे सांगितलं नसतं तर मी नक्कीच घाबरलो असतो, कारण एकदा तसा श्वास आलाच. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. मॅडम स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिल्या, मग हात जोडून म्हणाल्या, "गेला." सात पन्नास झाले होते.

औषध, पेट्रोल सगळं धरून तीन हजार झाले. त्या रात्रीच्या फोनचे काही लावले नाहीत.

पोरगा सात वर्षांचा, त्याला आतल्या खोलीत ठेवलं होतं. मी त्याला सांगणार होतो की डॉक्टरांनी झोपवलं. मॅडम म्हणाल्या झोपवलं म्हणू नका, लहान मुलं मग झोपायला घाबरतात, मेला असंच सांगा आणि दुखत होतं म्हणून औषध दिलं ते सांगा. तसंच सांगितलं. त्यानं विचारलं की आता पाय दुखत नाही ना. नाही म्हटलं. मग तो बाहेर येऊन बसला त्याच्याजवळ.

खड्ड्याचं मात्र आधी ठरवून ठेवा. मॅडमनी बजावलं होतं, पाच फूट तरी खोल पाहिजे आणि विहिरीपासून लांब, कारण ते औषध अंगात राहते आणि कोल्ह्यानं, कुत्र्यानं उकरून खाल्लं तर त्याचा पण जीव जाऊ शकतो. आमची काळी माती, मे महिन्यात भेगा पडलेल्या, दोन फुटांच्या खाली सब्बल वाजते. दोघं जण टिकास घेऊन तासभर लागलो, तीन फूट झालं नाही. शेततळ्याच्या कामाला आलेला जेसीबी रस्त्यानं जात होता, थांबवला. त्यानं दहा मिनिटांत काढून दिला. पैसे काढले तर ड्रायव्हर म्हणाला, "ठेव भाऊ. रोज पाह्यत होतो मी त्याले तुया बांधावर." जुन्या घोंगडीत गुंडाळून ठेवला, मायनं खड्याचं मीठ टाकलं, वरून माती आणि त्याच्यावर दगड रचले. मायनं नंतर पाप-पुण्य काही काढलं नाही. तिसऱ्या दिवशी दोन पोळ्या जास्त करून पलीकडच्या गल्लीतल्या कुत्र्यांना घालून आली, मला सांगितलं पण नाही, बायकोनं सांगितलं.

भुईमूग वावरात उभा होता, त्यामुळं त्याच रात्री जागलीला जावंच लागलं. दोन वाजायच्या सुमारास डुकरं आली. आवाज आला, मी मचाणावर उठून बसलो, टॉर्च हातात घेतली. अंधारात आवाज चारही बाजूंनी आल्यासारखा वाटते. अकरा वर्षं भुऱ्या ज्या बाजूला तोंड करायचा त्याच बाजूला मी उजेड मारत होतो.