वेळुवनाच्या वाटेवर

१३ डिसेंबर. बिंबिसार राजा ज्या यष्टिवनात तथागत बुद्धांना भेटायला आला, तेच हे बिहारमधलं जेठियन. तिथून भिक्खूसंघाच्या मागे दरीतून राजगीरच्या वेळुवनापर्यंत चालायचं. धुक्यात त्रिशरण-पंचशील झालं, गावकऱ्यांनी भोजनदान दिलं. नालंदा, गृध्रकूट आधीच झालं होतं.

दरीत उजव्या टाचेचा फोड फुटला. मोजा चिकटला. विपश्यना शिबिरात गुडघे पेटलेले असताना मी तासभर न हलता ‘अनिच्च, अनिच्च’, म्हणजे हे अनित्य आहे, जाणार आहे, असं करत बसले आहे. इथे पावलागणिक राग येत होता. दगडांचा, पठण तोडून सूचना देणाऱ्या कर्ण्याचा, ‘चला ताई, मागे राहू नका’ म्हणणाऱ्यांचाही. वेदना जाते, हे खरं. पण ती जायच्या आत पुढचं पाऊल पडतं.

मोळी घेऊन निघालेली एक बाई थांबली. मोळी उतरवून तिने मला दगडावर बसवलं, बूट काढायला लावले. तिची मगही बोली मला धड कळेना. टाच पाहून ती चुकचुकली आणि पायातल्या रबरी चपला काढून माझ्यापुढे सरकवल्या. मी नको नको म्हटलं. पैसे काढले तर तिने माझी मूठ मिटवली. माझे बूट देऊ केले; एकात पाय घालून पाहिला, हसली, परत केला. मोळी डोक्यावर चढवायला तेवढा हात मागितला आणि अनवाणी निघून गेली.

आमच्या आजोबांनी १९५६ साली नागपुरात दीक्षा घेतली. दारोदार भाकरी मागणं त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. त्यामुळे घरात शिकवण एकच, कुणापुढे हात पसरायचा नाही. तो ताठा मला प्राणापलीकडे प्रिय आहे. पण त्याच्या आडोशाला आणखी एक सवय वाढली. दान द्यायला मी पुढे, आणि कुणी काही दिलं की फिटेपर्यंत झोप नाही. त्या बाईचं फेडायला ना नाव, ना गाव. बराच वेळ मी तोच हिशोब घोकत चालले. मग कधीतरी तो थांबला असावा, कारण वेळुवनातलं तळं दिसलं तेव्हा मी पठणात सूर मिसळत होते आणि विलक्षण सुखात होते.

परतताना बसमध्ये एक ताई म्हणाल्या, ‘चपला इथल्याच कुणा गरिबाला देऊन टाक, तेवढंच दान.’

मी नाही म्हटलं. मला दिल्यात, मी वापरणार.