४८ पैकी ३१, आणि एक कुदळ

मागची नोंद लिहिली तेव्हा अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या ४,००० फुटांवरच्या ४८ शिखरांपैकी २२ चढून झाली होती. आता ३१. वर्षभरात नऊच! बॉस्टनहून दर शनिवारी निघणारी मंडळी हसतील, हसू देत. चार वेळा अर्ध्यातून परत फिरलो, तेही याच वर्षात.

फेब्रुवारीत माउंट पियर्स केलं, क्रॉफर्ड पाथने. १८१९ सालची वाट. थंडी उणे १८ सेल्सिअस, पण बर्फ छान दाबलेला. पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवली होती. गोठायला वरून सुरुवात होते, त्यामुळे झाकणाची बाजू मोकळी राहते.

मार्चअखेर माउंट जॅक्सनला मात्र माती खाल्ली. पार्किंगमध्ये कोरडं डांबर दिसलं, म्हणून स्नोशू (पाय बर्फात रुतू नये म्हणून बुटांखाली बांधायचे रुंद तळवे) गाडीतच ठेवले. वर वाटेच्या मधोमध हिवाळाभर तुडवलेल्या बर्फाचा अरुंद बांध उरला होता. इथले लोक त्याला 'मोनोरेल' म्हणतात. दहानंतर ऊन लागलं आणि पाय मांडीपर्यंत आत जायला लागला. काढला की मागे विहीर. रात्री ही भोकं दगडासारखी गोठतात आणि दुसऱ्या दिवशी येणाऱ्याचा घोटा त्यात अडकतो. मैलभरावर परत फिरलो, आणि येताना माझेच खड्डे बर्फ लोटून, लाथा मारून बुजवत आलो. चौदापर्यंत मोजले, मग लाज वाटून मोजणं सोडलं.

फ्रँकोनिया धारेवरचं माउंट लाफाएट दोनदा हुकलं. दोन्ही वेळा वाऱ्याचा अंदाज वाचून निघालोच नाही. याच राज्यातल्या माउंट वॉशिंग्टनवर १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी २३१ मैल वारा मोजला गेला होता. फ्रँकोनियाच्या उघड्या धारेवर त्याच्या चौथाईनेही माझी दांडी उडेल. (हे दोन त्या चारांत धरलेले नाहीत.)

जूनमध्ये माउंट मन्रो. तिथल्या सपाटीवर रॉबिन्स सिंकफॉइल नावाचं चिमुकलं पिवळं फूल उगवतं. बुटांखाली ते संपत चाललं होतं, म्हणून वाटच दुसरीकडे वळवली. २००२ मध्ये ते धोक्यातल्या यादीतून बाहेर आलं. आम्ही दगडावरून दगडावर पाय टाकत गेलो, जेवायलाही खडकावरच बसलो. झाडं आठ फुटांपेक्षा खुजी झाली की तिथे उन्हाळ्यात तंबू लावायचा नाही, हा नियम मला आधी जाचक वाटायचा.

या वर्षीची खरी नवी गोष्ट म्हणजे मे महिन्यातला कुदळीचा दिवस. उतारावर वाटेत तिरके दगड रोवलेले असतात, पाणी बाजूला काढण्यासाठी. त्यांच्यामागच्या चरात पानं आणि गाळ साचला की पाणी वाटेवरूनच धावतं आणि वाटेचा ओढा होतो. स्वयंसेवकांबरोबर असे अकरा चर मोकळे केले. काळा, आंबूस वासाचा गाळ ओढून काढला की अडलेलं पाणी गुळगुळ करत रानात उतरतं. डोक्याभोवती काळ्या माश्यांचा नुसता घोंगाट. सह्याद्रीत चिखल दिसला की आम्ही कडेकडेने जायचो, आणि दर पावसाळ्यात वाट हातभर रुंद व्हायची. आता सरळ मधून जातो. बूट धुता येतात.

उरली सतरा. आउल्स हेडला ओढे ओलांडायचे, ते पाणी उतरल्यावर. पुढच्या शनिवारी शिखर नाही, पानगळीनंतरचे चर उपसायचे आहेत. एक कुदळ जास्तीची आहे, कुणी येणार असेल तर सांगा.