बिल नको

"पाठपोट मारा, आणि जरा लहान करा, म्हणजे एकाच कागदात बसेल."

संध्याकाळी अप्पा बळवंत चौकात झेरॉक्सच्या रांगेत माझ्या पुढे एक बाई होत्या, मनपा शाळेतल्या. पाचवीच्या चाचणीचे पेपर चौदा कमी आलेले आणि परीक्षा उद्या सकाळी. दुकानदाराने सवयीने विचारलं, बिल कुणाच्या नावाने करू? बाई हसल्या. "बिल नको हो, दाखवू कुणाला?" आणि पर्समधून दहाच्या चुरगळलेल्या नोटा काढून मोजायला लागल्या. एक कॉपी काळी आली होती, ती परत मारून घेतली.

रक्कम फार नव्हती हो, पण ते हसणं काही डोक्यातून जाईना.

म्हणजे बघा, शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करा हे कोठारी आयोगाने १९६६ला सांगितलं, २०२०च्या धोरणात परत तेच लिहिलं, आणि आपण अजून तिथे पोचतोच आहोत. परीक्षा मात्र झटपट येतात, पाचवी-आठवीला नापास करायची सोयही परत आली. पैशाचं विचाराल तर २०२३ला राज्य सरकारने दत्तक शाळा योजना काढली, कंपन्यांनी नाहीतर दानशूरांनी शाळा दत्तक घ्यायची, वर देणगीदाराचं नाव काही वर्षं शाळेला लावता येणार. (दत्तक! आईबाप धडधाकट असताना.)

मग त्या हिशोबाने उद्याच्या चौदा पेपरांवर बाईंचं नाव छापायला नको का?