शेवटची लाट कोणती?

काठावर करवतीसारखे दाते असलेल्या करवतकाठी साड्यांसाठी नवे नमुने आखणे हा माझा व्यवसाय असून नागपुरात गोळीबार चौकाजवळ राहणाऱ्या एका वयोवृद्ध विणकरांच्या मागावर माझे काम गेली अकरा वर्षे चालते. मी त्यांना काकाजी म्हणते. मागच्या डिसेंबरात रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या किनाऱ्यावर आम्ही चार दिवस सुटीसाठी राहिलो होतो. तेथे काढलेली रेखाटने घेऊन मी त्यांच्याकडे गेले, तो दिवस माझ्या कामातला सर्वांत मोठा धडा ठरला.

त्या किनाऱ्याच्या वाळूत इल्मेनाइट हे लोह आणि टायटॅनियमचे काळे खनिज मिसळलेले आहे. साध्या वाळूच्या कणापेक्षा ते सुमारे पावणेदोन पट जड असल्यामुळे परतणारे पाणी हलकी वाळू ओढून नेते आणि काळे कण मागे राहतात. ओहोटी लागली की प्रत्येक लाट जेथवर पोहोचली तेथे एक बारीक काळी कमान उमटते, आणि थोड्याच वेळात अशा कमानींनी सारी ओली वाळू भरून जाते. ती वाळू पाहताना मला सारखा टसर, म्हणजे रानरेशीम, आठवत होता. भंडारा-गडचिरोलीच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढलेल्या कोशांचा न रंगवलेला धागा नेमका त्याच रंगाचा असतो.

करवतकाठीत अंगाचा बाणा (आडवा धागा) आणि काठाचा बाणा वेगवेगळ्या धोट्यांनी, म्हणजे बाणा वाहून नेणाऱ्या साधनांनी, येतो, आणि दोन्ही जेथे भेटतात तेथे ते एकमेकांत अडकवले जातात. ही अडकण ठरावीक हिशेबाने पुढे-मागे सरकवली की करवतीचे दात पडतात. दातांच्या जागी कमानी विणायच्या, काळा काठ म्हणजे समुद्र आणि टसरचे अंग म्हणजे वाळू, असा माझा विचार होता. आलेखाच्या कागदावर मी सारख्या मापाच्या कमानी, कौलांसारख्या एकावर एक, फार काळजीने आखल्या होत्या.

काकाजींनी कागद बराच वेळ पाहिला आणि विचारले, “ताई, यातली शेवटची लाट कोणती जी?”

मला उत्तर देता आले नाही. समुद्र त्यांनी कधीच पाहिलेला नाही. तरीही नंतरची लाट आधीची खूण पुसणारच, म्हणजे पाण्याकडची कमान अखंड हवी आणि वरच्या कमानी तिने तोडलेल्या हव्यात, हे त्यांनी बोटाने दाखवून दिले. मी नेमके उलटे काढले होते. फोनमधली छायाचित्रे उघडली, तर प्रत्येक छायाचित्रात त्यांचेच म्हणणे दिसत होते, आणि चार दिवस त्या खुणांसमोर बसूनही मला ते दिसले नव्हते.

कागद बाजूला ठेवून आम्ही एकाच काठाचा वीस इंच पन्ह्याचा नमुना विणायला घेतला. कमानीच्या उतारावर अडकण दर बाण्याला दोन ताणे (उभे धागे) सरकत होती, परंतु माथ्याजवळ रेषा ताण्याला समांतर होते आणि अनेक बाणे एकाच ताण्यावर अडकू लागतात. त्यामुळे तेथे जाड वळ उठला. अशा जागी घडी घातली की कापड आधी तेथेच झिजते. काकाजींनी तेवढा भाग उसवला आणि माथ्यावर अडकण एक बाणा अलीकडच्या ताण्यावर, एक पलीकडच्या, अशी आलटून-पालटून घेतली. वळ गेला, शिवाय रेषेची कडा किंचित विरघळल्यासारखी झाली. ओल्या वाळूवर ती तशीच दिसते. वरच्या तुटक कमानींसाठी काळ्या सुताच्या छोट्या कांड्या हातानेच फिरवाव्या लागल्या, आणि प्रत्येक कांडी कोठे थांबवायची हे दर वेळी छायाचित्र पाहून ठरले.

संध्याकाळपर्यंत जेमतेम वीतभर कापड झाले. एवढ्या संथ कामाची साडी किती महिन्यांत होईल आणि तिला कोणती किंमत सांगावी, हा हिशेब मी अजून केलेला नाही. दिवा लावण्यापूर्वी काकाजींनी पाणी मागे जातानाचे चित्रण पुन्हा एकदा लावायला सांगितले. ते त्यांनी तीन वेळा पाहिले आणि उद्याच्या कमानीचा माथा ताण्यावर खडूने खूण करून ठेवला.